६००० जण, एप्रिलची संध्याकाळ, उघडं मैदान: वळवाची तयारी नेमकी कशी करायची?

मैदानप्रमुख | सोमवार, रात्री ९.४०

कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचा महोत्सव एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. शेवटच्या संध्याकाळी मैदानावर गायनाचा कार्यक्रम, पास ६००० चे.

मैदान ११० बाय ७० मीटर, काळी माती, वर थोडा मुरूम. स्टेज ४० बाय ३२ फूट, त्यावर ८ मीटर उंच ट्रसचं (धातूच्या जाळीदार सांगाड्याचं) छत. दोन्ही बाजूंना ५ बाय ३ मीटरच्या एलईडी वॉल, खालची कड जमिनीपासून २ मीटरवर. पाहुण्यांसाठी ६० बाय ३० फुटांचा कापडी मांडव. बाकी प्रेक्षक उघड्यावर. गेट तीन: रस्त्याकडचं ५ मीटर, होस्टेलकडचं ४ मीटर आणि मागचं ३ मीटर. मागचं सामानाच्या गाड्यांसाठी आहे, एरवी कुलपात असतं. गेटं दुपारी चारला उघडणार, कार्यक्रम संध्याकाळी सहा ते रात्री दहा.

स्टेजवाला म्हणतो, "सर काही होत नाही, पाऊस आला तर प्लास्टिक टाकू." प्राचार्य विचारतात की लेखी आराखडा कुठे आहे. आराखडा मला लिहायचा आहे. स्टेजचं काय तपासायचं, कार्यक्रम कोणत्या क्षणी थांबवायचा आणि एवढी पोरं पाठवायची कुठे, एवढं आकड्यांत सांगा.

---

ट्रस_आणि_ताण | सोमवार, रात्री १०.२५

"प्लास्टिक टाकू" हे उत्तर पावसाचं आहे. स्टेज पाडतो तो वारा, आणि वळवात तो पावसाच्या आधी येतो.

वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात आहे: वेगाचा वर्ग गुणिले ०.६. वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये येतं. ताशी ३६ किमी वेगाला चौरस मीटरवर ६ किलो, ७२ किमीला २४ किलो. वेग दुप्पट, दाब चौपट. स्टेजवाल्यांचा अंदाज नेमका इथे चुकतो.

तुमची एक एलईडी वॉल १५ चौरस मीटर. आकाराचा गुणक १.२ धरला तर ३६ किमीला तिच्यावर ११० किलो जोर येतो, ५४ किमीला २५० आणि ७२ किमीला ४४०. वॉलचा मध्य जमिनीपासून साडेतीन मीटरवर, म्हणजे ७२ किमीला उलटवणारा जोर ४४० गुणिले ३.५, सुमारे १५४० (किलो गुणिले मीटर). पायाचं वजन उलटण्याच्या कडेपासून २ मीटरवर असेल तर ७७० किलो लागतात. दीडपट सुरक्षितता धरून ११५५. म्हणजे २०० लिटरचे सहा ड्रम, काठोकाठ भरलेले, पायाच्या फ्रेमला रॅचेट पट्ट्याने आवळलेले. शेजारी नुसते उभे केलेले ड्रम शोभेचे. वारा दोन्ही बाजूंनी येऊ शकतो, म्हणून हेच वजन समोरच्या अंगालाही लागतं. वॉलचं स्वतःचं वजन यात मुद्दाम धरलेलं नाही, ते राखीव समजा. ड्रमपेक्षा अर्धा मीटर घनाचे काँक्रीटचे ठोकळे बरे. एक ३०० किलोचा भरतो, चार पुरतात आणि रात्रीतून कोणी पाणी काढून नेत नाही.

उलटणं वेगळं, घसरणं वेगळं. ओल्या गवतावर लोखंडी पाया सहज सरकतो. घर्षणगुणक ०.३ धरला तर १२०० किलोचं वजन ३६० किलोपर्यंतचाच जोर अडवतं. तेव्हा पायाखाली रबरी मॅट घाला आणि फ्रेमला खुंटही मारा. काळ्या मातीत एक सूचना: कोरड्या मातीत घट्ट बसलेला खुंट ती भिजली की हाताने हलतो. खुंटावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. बेस जॅकखाली (ट्रसच्या पायाच्या स्क्रूखाली) १८ मिमी प्लायचे दीड फूट चौरस तुकडे द्या, नाहीतर एक पाय दोन सेंटिमीटर रुतला तरी ८ मीटर वरचं छत कललेलं दिसेल.

पाठीमागचा फ्लेक्स म्हणजे शीड. "भोकं पाडलीत" हे ऐकून गप्प बसू नका. वीतभर अंतरावर चार बोटांची भोकं पाडून क्षेत्रफळ जेमतेम कमी होतं. जाळीचा फ्लेक्स घ्या किंवा एका दोरीने खाली येईल असा बांधा.

पाहुण्यांच्या मांडवाला वाऱ्याइतकीच भीती साचलेल्या पाण्याची. १० बाय १० फुटांच्या गाळ्यात कापडाला झोळ पडून सरासरी ५ सेंटिमीटर पाणी साचलं तर साडेचारशे किलोच्या वर भार झाला, तोही मधोमध. कापडावर प्लास्टिक टाकलं की पाणी झिरपायचं थांबतं आणि झोळ वाढत जातो. आढं उंच घेऊन दोन्हीकडे गाळ्यामागे दोन-तीन फुटांचा उतार द्या. तो देता येत नसेल तर मांडव नकोच. कापड उन्हासाठी ठेवा आणि ढग आले की पाहुण्यांना पहिल्यांदा उठवा.

छत किती वाऱ्याला सुरक्षित आहे हे स्टेजवाल्याकडून सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. लिहून देत नसेल तर हे आकडे वापरा, सरासरी नव्हे, झोताचा वेग धरून. ३० किमीला फ्लेक्स आणि बाजूचे पडदे खाली. ४० ला कार्यक्रम बंद, स्टेज रिकामं, छत आणि वॉल खाली. ५० ला रचनेपासून १२ मीटरच्या आत कोणी नाही, कामगारसुद्धा नाही. हाताच्या चेन ब्लॉकवर (साखळीच्या कप्पीवर) छत उतरवायला चार माणसांना १५ ते २० मिनिटं लागतात, आणि ५० किमीच्या वाऱ्यात ते काम करायचंच नसतं.

वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र छताच्या उंचीवर बांधा. कमरेच्या उंचीवर हातात धरलेलं यंत्र कमी दाखवतं.

---

ढगनिरीक्षक | सोमवार, रात्री ११.१०

वरच्या प्रतिसादातला "४० ला बंद" हा आकडा योग्य आहे, पण यंत्राने ४० दाखवेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असेल.

वळवाचा ढग दुपारी उभा राहतो आणि आपल्याकडे तीन ते सात या वेळात बरसतो. तुमचं गेट उघडणं, साउंड चेक आणि पहिलं गाणं, सगळं त्याच खिडकीत आहे. ढगातून खाली आदळलेली थंड हवा जमिनीवरून पसरत पावसाच्या कित्येक मिनिटं पुढे येते: धुरळा, एकदम गारवा, मग झोत. १३ ऑगस्ट २०११ ला अमेरिकेत इंडियाना राज्याच्या जत्रेत स्टेजचं छत याच झोताने पडलं, सात जण गेले. हवामान खात्याचा वादळाचा इशारा ८.३९ ला निघाला होता, छत ८.४६ ला खाली आलं. सात मिनिटं. कार्यक्रम थांबवायचा अधिकार नक्की कोणाचा, हे तिथे स्पष्ट नव्हतं, असं नंतरच्या चौकशीत निघालं.

आता पाहायचं काय ते.

तीन दिवस आधीपासून आयएमडीचा, म्हणजे भारतीय हवामान खात्याचा, जिल्हावार इशारा. "३० ते ४० किमी वेगाने वारे" आणि "४० ते ५०" ही त्यांची नेहमीची भाषा आहे, आणि ट्रससाठी वर दिलेले आकडे तेच आहेत. पिवळा असेल तर आराखडा लागू करून कार्यक्रम करा. नारिंगी असेल तर वेळ बदला किंवा सभागृहात घ्या. लाल असेल तर चर्चा नको.

त्या दिवशी दुपारी बारापासून आयएमडीचं नाउकास्ट, म्हणजे पुढच्या दोन-तीन तासांचा अंदाज. जोडीला 'दामिनी' ॲप, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं. त्यात तुमच्याभोवती २० आणि ४० किमीच्या परिघात पडलेल्या विजा दिसतात. रडारचं चित्रही पाहा, पण तुमच्या भागासाठी एक अडचण लक्षात ठेवून. पणजीचं रडार कोल्हापूरपासून सरळ रेषेत १४० किमीच्या आसपास आहे आणि मध्ये सह्याद्री. तेवढ्या अंतरावर रडारचा झोत जमिनीपासून दोन किमीहून जास्त वर गेलेला असतो. ढग चांगला वाढल्यावरच दिसतो, कोवळा असताना नाही. चित्रावरची वेळ बऱ्याचदा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. साडेपाच तास मिळवले नाहीत तर कधीचा ढग पाहताय तेच कळत नाही.

म्हणून एक माणूस गच्चीवर हवाच. त्याने फक्त आकाश पाहायचं. त्याच्या हातात वॉकीटॉकी द्या, मोबाइल नेटवर्क सहा हजारांच्या गर्दीत कोलमडतं.

---

मैदानप्रमुख | मंगळवार, सकाळी ७.५५

दोघांचे आभार. विजेसाठी ३०-३० चा नियम लिहून ठेवला होता: लखलखाट ते गडगडाट ३० सेकंदांच्या आत असेल तर थांबायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं वाट पाहायची. एवढं पुरेल ना? स्टेजवर लाइटनिंग अरेस्टर (वीज जमिनीत नेणारा दांडा) बसवायचाही विचार आहे.

---

गर्दीचा_हिशेबनीस | मंगळवार, सकाळी ९.२०

३०-३० हा नियम शेतात एकट्या उभ्या असलेल्या माणसासाठी ठीक. ६००० जणांसाठी त्यातला पहिला ३० निरुपयोगी आहे. हिशेब मांडतो.

सपाट वाटेने मोकळी गर्दी रुंदीच्या दर मीटरला मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं या दराने बाहेर पडते, पायऱ्यांवर ६६. तुमची तिन्ही गेटं उघडी धरली तर १२ मीटर, मिनिटाला ९८४, सहा मिनिटांत मैदान रिकामं. कागदावर. प्रत्यक्षात माणूस ज्या गेटाने आत आला त्याच गेटाने बाहेर जातो. सगळे मुख्य गेटावर आले तर ५ मीटर, मिनिटाला ४१०, पंधरा मिनिटं. त्यात अंधार, चिखल, मैत्रिणीला शोधणं आणि उंचावलेले मोबाइल. वेग अर्धा धरा. अर्धा तास.

३० सेकंद म्हणजे वीज १० किमीवर. वादळ ३० किमी वेगाने सरकत असेल तर तुमच्या हातात २० मिनिटं, ४० ने सरकत असेल तर १५. मैदान रिकामं व्हायला ३०. उरलेली पोरं विजेखाली उघड्यावर. म्हणून तुमचा आकडा १० नव्हे, २० किमी. 'दामिनी'च्या आतल्या वर्तुळात वीज दिसली आणि ठिपके तुमच्याकडे सरकत असले की कार्यक्रम थांबवायचा, डोक्यावर चांदणं असलं तरी. लोक शिव्या घालतील. घालू देत.

अरेस्टर स्टेजचं आणि यंत्रांचं काही प्रमाणात रक्षण करेल. मैदानात उभ्या माणसाचं नाही. वीज जवळ पडली की जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहाने माणसं जातात. कापडी मांडव, झाड, स्टेजचं छत यातलं काहीच आसरा नाही. पक्की इमारत किंवा पत्र्याची बंद बस, एवढेच दोन आसरे.

आता तुमचा तिसरा प्रश्न, जो खरं तर पहिला असायला हवा होता. २५ नोव्हेंबर २०२३, कोचीन विद्यापीठ, म्हणजे कुसॅट. तंत्रमहोत्सवातला गाण्याचा कार्यक्रम, उघडं प्रेक्षागृह, गेटातून आत शिरलं की उतरत्या पायऱ्या. पाऊस सुरू झाला, बाहेर थांबलेला जमाव आसऱ्यासाठी आत लोटला, पुढचे पायऱ्यांवर कोसळले. चौघांचा जीव गेला. तिथे वारा नव्हता, वीज नव्हती, काही पडलं नव्हतं. पाऊस आल्यावर लोक कुठे जातील हे आधी ठरलेलं नव्हतं, म्हणून ते जिथे जाता येईल तिथे गेले.

तर आधी आसरा मोजा. थोड्या वेळासाठी उभं राहायला चौरस मीटरला दोन माणसं. ६००० जणांना ३००० चौरस मीटर छप्पर लागतं. ९ बाय ७ मीटरच्या वर्गात बाकं धरून ७० जण मावतात, म्हणजे ८६ वर्ग. एवढे नसणार. जिमखाना, सभागृह, वाचनालयाचा तळमजला, रुंद व्हरांडे आणि पक्क्या छपराचं पार्किंग मोजा. वर्कशॉप यंत्रांमुळे नको. बेरीज ४००० आली तर पासही ४००० च काढा. हे कोणालाच आवडत नाही, कारण पास मैदान बघून छापलेले असतात. दुसरा मार्ग असा: होस्टेलची मुलं होस्टेलमध्ये जातील हे धरून तेवढी वजा करा, आणि बाहेरच्या कॉलेजच्या पासांवर मर्यादा घाला.

मैदानाचे रंगाने चार भाग पाडा. पासवर रंग, त्याच रंगाचा फलक इमारतीवर, दर भागाला आठ स्वयंसेवक. पाऊस येवो न येवो, कार्यक्रमाआधी पडद्यावर दोनदा दाखवा: निळा पास, जिमखाना.

गेटांबद्दल. मागचं गेट चार ते दहा कुलपाविना, शेजारी माणूस उभा. गेट आत उघडणारं असेल तर गर्दी अंगावर आल्यावर ते उघडतच नाही; बाहेर उघडेल असं करा किंवा त्या दिवसापुरतं बिजागरीतून काढून ठेवा. आणि गेटबाहेर संध्याकाळी जाऊन पाहा. ५ मीटरच्या गेटापुढे दोन्ही बाजूंना दुचाक्या लागल्या की वाट दोन मीटरची उरते, आणि एक गाडी पडली की तिच्यावर माणसं पडतात. गेटापासून २० मीटर दुचाकीबंदी, दोरी बांधून.

बिनपासाची गर्दी गेटाला चिकटू देऊ नका. ५० मीटर अलीकडेच पास तपासणीचा पहिला टप्पा ठेवा. पाऊस आला की बाहेरच्यांना आत न घेता सरळ रस्त्याकडे वळवायचं. तिथे कुसॅटची आठवण ठेवा.

---

परवानाधारक_तारतंत्री | मंगळवार, दुपारी १.०५

विजेबद्दल चर्चा झाली, वायरिंगबद्दल कोणी बोललं नाही. ओल्या मैदानात शॉकची भीती आभाळातल्या विजेपेक्षा कमी नाही.

१. जनरेटरची अर्थिंग. न्यूट्रलला दोन, बॉडीला दोन, असे चार वेगळे खड्डे. गवतात ठोकलेला एक सळईचा तुकडा म्हणजे अर्थिंग नव्हे. कार्यक्रमाच्या सकाळी मीटर लावून रोध मोजायला लावा आणि आकडा वहीत लिहून घ्या.

२. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच पडून वीज तोडणारा स्विच. इथे जे बिघडतं ते नीट समजून घ्या. एलईडी वॉलच्या प्रत्येक पॅनेलच्या पॉवर सप्लायमधून सुस्थितीतही अर्धा-एक मिलिॲम्पिअर गळती अर्थला जाते. ६० पॅनेल एका आरसीसीबीवर टाकली की काही बिघाड नसताना तो पडतो. दोनदा पडला की वायरमन त्याला वळसा घालून थेट जोडतो, आणि पाऊस येतो तेव्हा संरक्षण शून्य असतं. उपाय: एका आरसीसीबीवर १०-१२ पॅनेल, असे पाच-सहा गट. मुख्य पॅनेलवर १०० किंवा ३०० चा, वेळ घेऊन पडणारा. टेस्टचं बटण स्वतः दाबून पाहा. "चालू आहे सर" यावर विश्वास नको.

३. जोड. काळी टेप गुंडाळून चिखलात टाकलेला जोड दिसला की तिथेच काम थांबवा. आयपी ६७ चे (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) औद्योगिक प्लग-सॉकेट वापरा. निळा तीन पिनी, लाल पाच पिनी. वितरण पेट्या जमिनीपासून फूटभर वर, पायांवर. केबल लोखंडी बॅरिकेडला लटकवू नका. लोक त्यालाच टेकून उभे असतात.

४. स्टेज, ट्रस, बॅरिकेड आणि वॉलची फ्रेम १६ चौरस मिमी तांब्याच्या वायरने एकमेकांना व अर्थला जोडा. बॅरिकेडच्या सांध्यावर रंग खरवडून क्लॅम्प लावा, रंगावर लावलेला क्लॅम्प काही कामाचा नाही.

५. फिरते दिवे बहुतेक आयपी २०. पाण्याला त्यांचं काहीच संरक्षण नाही. ॲम्प्लिफायर रॅकवर प्लास्टिक टाकताना खालून हवा जाऊ द्या, नाहीतर पावसाने नव्हे, उकाड्याने बंद पडतील.

६. सगळ्यात महत्त्वाचं: १५ केव्हीएचा वेगळा लहान जनरेटर, फक्त मैदानाच्या फ्लडलाइटला आणि घोषणेच्या स्पीकरला. स्टेजची वीज तोडली की मैदानही अंधारात गेलं, असं व्हायला नको. हा जनरेटर स्टेजपासून लांब आणि उंचवट्यावर. शिवाय बॅटरीवरचे सहा मेगाफोन, दर गेटाला दोन.

---

मैदानप्रमुख | मंगळवार, रात्री ८.३०

छपराची मोजणी केली. होस्टेल धरून ४६०० जण मावतात. पास ४५०० वर आणतोय, सांस्कृतिक मंडळ नाराज आहे. दोन गोष्टी राहिल्या. थांबवायचा निर्णय कोणी घ्यायचा आणि घोषणा काय करायची? आणि वादळ निघून गेलं तर परत सुरू करायचं का?

---

गर्दीचा_हिशेबनीस | मंगळवार, रात्री ९.१५

निर्णय एका माणसाचा. समिती नको. ज्याच्याकडे तिकिटांचा, प्रायोजकांचा किंवा कलाकाराच्या मानधनाचा हिशेब आहे त्याला हा अधिकार देऊ नका. सुरक्षेचं काम पाहणारे प्राध्यापक चालतील, आणि ते गैरहजर असतील तर दुसरं कोण हेही नाव लिहा. प्राचार्यांची सही आधी घ्या की त्यांना विचारायला फोन करावा लागणार नाही. कलाकाराच्या करारात स्पष्ट वाक्य घाला: या व्यक्तीने हवामानामुळे थांबवलं तर तो आयोजकाचा करारभंग नाही, आणि उरलेल्या मानधनाचं काय ते असं. हे वाक्य नसलं की स्टेजमागे पैशाची बोलणी सुरू होतात आणि वादळ काही त्यासाठी थांबत नाही.

घोषणा एका कार्डावर छापा, एक प्रत कलाकाराच्या हातात. क्रम: आधी मैदानाचे दिवे, मग संगीत हळूहळू खाली. एकदम तोडलं तर लोक आवाज करतात आणि घोषणा ऐकू येत नाही. पहिलं वाक्य कलाकाराने बोलायचं, कारण गर्दी त्याचंच ऐकते. मग निवेदक:

"मित्रांनो, वादळ अर्ध्या तासावर आहे. कार्यक्रम थांबवला आहे. आपल्याकडे वेळ आहे, धावू नका. निळा पास जिमखान्याकडे, पिवळा सभागृहाकडे, हिरवा वाचनालयाकडे, लाल होस्टेलकडे. मागचं गेट उघडं आहे."

हेच हिंदीत, आणि दर मिनिटाला पुन्हा. "घाबरू नका" हे शब्द टाळा, त्यानेच लोक घाबरतात. "थोड्या वेळात पुन्हा सुरू करू" असंही म्हणू नका. कोणी जागचं हलत नाही.

---

ढगनिरीक्षक | मंगळवार, रात्री ९.५०

परत सुरू करण्याबद्दल. तुमच्या नियमातला दुसरा ३० इथे पक्का धरा: शेवटचा गडगडाट ऐकल्यावर पूर्ण ३० मिनिटं. मध्ये एकदा गडगडलं की घड्याळ पुन्हा शून्यावर. एकामागून एक ढग उभे राहत असतील, आणि एप्रिलमध्ये ते राहतात, तर नाद सोडा.

पुढे रात्री दहाची मर्यादा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर नाही. राज्य सरकारने बारापर्यंत सूट दिलेल्या मोजक्या दिवसांत तुमची तारीख बसत नसेल तर उलटं मोजत या. वादळ ६.५० ला, शेवटचा गडगडाट ७.४० ला, अर्धा तास मिळवून ८.१०. त्यानंतर ट्रस, अर्थिंग आणि मैदानाची तपासणी ४० मिनिटं. ८.५० ला लोकांना आत घ्यायला सुरुवात, म्हणजे गाणं ९.१५ ला. पाऊण तासासाठी हजारो जण अंधारात चिखलातून परत आणायचे का? माझ्या मते नाही. आराखड्यात सरळ लिहा: ८ पर्यंत मैदान तपासणीसाठी मोकळं झालं नाही तर कार्यक्रम रद्द.

---

परवानाधारक_तारतंत्री | मंगळवार, रात्री १०.०५

त्या ४० मिनिटांत क्रम पाळा. आधी ट्रसचे पाय आणि पट्टे, मग पेट्या उघडून आत पाणी आहे का ते, मग एकेक आरसीसीबी चालू. पडला तर तो गट बंदच ठेवायचा. अर्धी वॉल काळी दिसली तरी चालेल.

---

प्रथमोपचार_कक्ष | बुधवार, सकाळी ६.४०

सगळे आभाळाकडे पाहताहेत, गेट चारला उघडणार याकडे कोणाचं लक्ष नाही. म्हणजे रांग तीनपासून, एप्रिलच्या उन्हात. खारघरला १६ एप्रिल २०२३ ला भर उन्हातल्या मोठ्या सोहळ्यात उष्माघाताने १४ जण गेले. रांगेवर हिरवी जाळी टाका, आणि ती ढग आले की काढायची हेही वाऱ्याच्या यादीत लिहा. पाणी: माणशी तासाला अर्धा लिटर धरलं तर ४५०० जणांना पहिल्या दोन तासांत ४५०० लिटर, २० लिटरचे सव्वादोनशे जार. एका टोकाला ढीग नको, चार ठिकाणी वाटून.

१०८ ची रुग्णवाहिका येईल, पण काळी माती भिजली की ती मैदानात रुतेल. मागच्या गेटापासून स्टेजच्या कडेपर्यंत साडेतीन मीटर रुंद मुरमाची पट्टी आताच दाबून घ्या आणि तिच्यावर कोणाला उभं राहू देऊ नका.

आणि स्वयंसेवकांना एक गोष्ट घोटवून सांगा. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. वीज पडलेले एकाहून जास्त असतील तर निपचित पडलेल्याकडे आधी जायचं, कण्हणाऱ्याकडे नंतर. वायरच्या शॉकचं मात्र उलट: आधी वीज तोडायची, मगच हात लावायचा. दोन्हींत गल्लत करणारे स्वयंसेवक असतात, म्हणून कार्डाच्या मागच्या बाजूला छापा.